धागा : बुटीबोरीची मेट्रो, खांबांपलीकडचे काम आणि आपली गावे

बोरखेडीचा वाटसरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातील मिहान ते बुटीबोरी एमआयडीसी या मार्गाचे काम वर्धा मार्गाने ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर चालू आहे. एसटीच्या खिडकीतून पाहिलेल्या खांबांचा हिशेब संध्याकाळी पारावर मांडला जातो आणि त्यावरून मेट्रो कधी सुरू होणार याचे अंदाजही बांधले जातात. मला स्वतःला या कामाची मनापासून ओढ आहे, कारण बुटीबोरीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या माणसाला शहराच्या पोटात नेणारी एवढी मोठी सोय आपल्या पिढीने पाहिलेली नाही. परंतु खांब मोजून हे काम समजत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. या मार्गाचा टाकळघाट, बोरखेडी, सिंदी, केळझर, सेलू या बाजूच्या लोकांना उपयोग होणार की नाही, हे ज्या गोष्टींवर ठरणार आहे, त्यांतील बहुतेक रस्त्यावरून दिसत नाहीत.

आधी पक्की माहिती एका ठिकाणी ठेवतो. केंद्र सरकारने दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे पहिला टप्पा पूर्णपणे सुरू झाला त्याच दिवशी, याचे भूमिपूजन झाले. एकूण लांबी ४३.८ किलोमीटर, स्थानके ३२ आणि मंजूर खर्च सुमारे ६,७०८ कोटी रुपये. पहिल्या टप्प्याच्या चारही टोकांना पुढे वाढवणारे हे चार तुकडे आहेत : मिहान ते बुटीबोरी एमआयडीसी सुमारे साडेअठरा किलोमीटर, ऑटोमोटिव्ह चौक ते कन्हान नदी सुमारे १३, लोकमान्यनगर ते हिंगणा सुमारे पावणेसात आणि प्रजापतीनगर ते कापसीचे ट्रान्सपोर्टनगर सुमारे साडेपाच. सर्वांत लांब तुकडा आपला आहे, आणि डोंगरगाव, मोहगावसारख्या गावांजवळ स्थानके ठेवून तो थेट औद्योगिक वसाहतीत शिरतो.

आता पहिल्या टप्प्याचा अनुभव पाहा. त्या कामाला २०१५ च्या मे महिन्यात सुरुवात झाली. खापरी ते सीताबर्डी हा भाग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला, लोकमान्यनगर ते सीताबर्डी जानेवारी २०२० मध्ये, आणि चारही दिशा पूर्ण व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. त्यातही खापरीची गाडी धावू लागली तेव्हा वाटेवरची सगळी स्थानके उघडली नव्हती. काही स्थानकांसमोरून गाडी न थांबता जात असे आणि ती पुढे एकेक करून खुली झाली. आपल्या मार्गावरही असे होऊ शकते. म्हणून "मेट्रो कधी" या प्रश्नाबरोबरच "माझ्या गावाजवळचे स्थानक कधी, आणि त्या स्थानकापर्यंत मी पोहोचणार कसा" हे प्रश्न आपण आतापासून विचारले पाहिजेत.

जाणकारांनी बांधकामाचे टप्पे समजावून सांगावेत आणि रोज प्रवास करणाऱ्यांनी आपली गरज नेमक्या शब्दांत लिहावी, अशी विनंती आहे.

तिसरी पाळी

वाटसरू भाऊ, धागा काढलात हे फार चांगले केले. मी एमआयडीसीतील एका कारखान्यात पाळीने काम करतो. आमच्याकडे पहिली पाळी सकाळी सातला लागते, दुसरी तीनला आणि तिसरी रात्री अकराला. नागपूर मेट्रो सध्या साधारणपणे सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत धावते. बुटीबोरीच्या मार्गालाही हेच वेळापत्रक राहिले, तर सहाला सीताबर्डीहून निघालेला कामगार सातच्या हजेरीला फाटकावर पोहोचेल की नाही याची खात्री देता येत नाही, आणि रात्री अकराला सुटणाऱ्याला तर गाडीच मिळणार नाही. आज हे लोक कारखान्याच्या बसने, वडाप गाडीने किंवा दुचाकीने महामार्गावरून जातात. रात्रीच्या वेळी ट्रकांच्या रांगांमधून दुचाकी काढताना काय होते, हे या भागातील प्रत्येक घराला माहीत आहे.

दुसरी गोष्ट वसाहतीच्या विस्ताराची. बुटीबोरी एमआयडीसी इतकी पसरलेली आहे की शेवटच्या स्थानकावर उतरल्यावरही अनेक कारखान्यांचे फाटक काही किलोमीटरवर राहते. तिथे आत फिरणारी छोटी बस नसेल, तर माणूस पुन्हा दुचाकीच काढेल.

काळी माती

मी स्थापत्य अभियंता आहे. या प्रकल्पावर नाही, परंतु उड्डाणपुलांच्या कामावर बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे कामाचा क्रम सांगू शकतो. थोडे विस्ताराने लिहितो, कारण पारावरचे अंदाज इथेच चुकतात.

खांब दिसण्याच्या पुष्कळ आधी जमिनीची तपासणी होते. आपल्या भागात वर काळी कापसाची माती आणि तिच्याखाली मुरूम व काळा पाषाण, म्हणजे दख्खनच्या लाव्हाचा बेसाल्ट आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर कोणताही भार ठेवता येत नाही. पाया खालच्या घट्ट थरात न्यावा लागतो. कठीण खडक वरच लागला तर मोठा खड्डा घेऊन उघडा पाया भरतात, खोल असेल तर यंत्राने गोल भोके पाडून त्यांत सळयांचा पिंजरा सोडतात आणि काँक्रीट भरून पाइल तयार करतात. शेजारच्या दोन खांबांचे पाये वेगवेगळ्या प्रकारचे असू शकतात. म्हणून एका ठिकाणी महिनाभर काहीच हलत नाही आणि दोनशे मीटरवर खांब उभा राहतो, याचा अर्थ पहिल्या ठिकाणचे काम थांबले असा होत नाही.

पायाच्याही आधी एक काम असते, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ तेच खाते. रस्त्याखालील जलवाहिन्या, विजेच्या व दूरसंचाराच्या केबल, गॅसची नळी, आडव्या जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा हे सगळे आधी हलवावे लागते. प्रत्येक वाहिनीचा मालक वेगळा, परवानगी वेगळी, आणि जुन्या वाहिन्यांचे नकाशे प्रत्यक्ष जागेशी जुळतीलच असे नाही. बाहेरून फक्त पत्र्याचे कुंपण दिसते आणि लोक म्हणतात की रस्ता उगाच अडवून ठेवला आहे.

खांब आणि त्यावरची टोपी झाली की पुलाचा वरचा भाग येतो. तो बहुतेक वेळा जागेवर ओतत नाहीत. कास्टिंग यार्डात साधारण तीन मीटर लांबीचे पोकळ काँक्रीटचे तुकडे, ज्यांना सेगमेंट म्हणतात, आधीच ओतून ठेवतात. ते रात्री लांब ट्रेलरवरून आणले जातात, लाँचिंग गर्डर नावाचे लोखंडी यंत्र दोन खांबांच्या मध्ये एका गाळ्याचे आठ-दहा सेगमेंट टांगून धरते, त्यांच्या सांध्यांना इपॉक्सी लावून ते एकमेकांना भिडवतात आणि आतून पोलादी केबल ओढून प्रचंड ताण देतात. त्या ताणामुळे सुटे तुकडे एकसंध तुळई होतात. मग गर्डर पुढच्या गाळ्यावर सरकतो. हा भाग सुरू झाला की काम झपाट्याने पुढे जाताना दिसते.

विदर्भाच्या हवामानाचा परिणामही लक्षात घ्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना काँक्रीट फार लवकर घट्ट होते व त्याला तडे जाण्याची भीती असते, म्हणून भरणी संध्याकाळनंतर करतात, मिश्रणात थंड पाणी किंवा बर्फ वापरतात आणि भरल्यानंतर गोणपाट ओले ठेवून जपतात. पावसाळ्यात काळ्या मातीत अवजड यंत्रे रुततात, पायाचे खड्डे पाण्याने भरतात. त्या काळात यार्डातील सेगमेंटची ओतणी चालू राहते. थोडक्यात, जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यावर हालचाल कमी दिसली तरी यार्डात साठा वाढत असतो.

पूल पूर्ण झाल्यावरही निदान तितकेच महत्त्वाचे काम उरते. रूळ, २५ किलोव्होल्टची वरची वीजतार, तिला वीज पुरवणारे उपकेंद्र, सिग्नल यंत्रणा, स्थानकांतील सरकते जिने आणि उद्वाहने, त्यानंतर चाचण्या, आणि शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची पाहणी. त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय एकही प्रवासी चढू शकत नाही. तेव्हा सगळे खांब आणि सगळे गाळे झाले म्हणजे मेट्रो उद्या सुरू, असे कृपया कोणी गृहीत धरू नये.

कन्हानकाठ

काळी माती साहेबांच्या माहितीत आमच्या बाजूची थोडी भर घालतो. कामठी-कन्हानकडे बेसाल्ट संपतो आणि वालुकाश्म लागतो. भूगर्भशास्त्रात त्याला कामठीचेच नाव आहे आणि त्याच पट्ट्यात आमच्या कोळशाच्या खाणी आहेत. नदीजवळ वाळूचे थर आहेत. त्यामुळे एकाच टप्प्यातील दोन मार्गांच्या पायांची तुलना करू नये, हे आम्हाला आता पटले.

आमच्या मार्गावर छावणी, कामठी नगर परिषद, ड्रॅगन पॅलेस अशी स्थानके आहेत. ड्रॅगन पॅलेसच्या बुद्धविहाराला दूरदूरहून लोक येतात, आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आलेला जनसमुदायही पुढे कामठीला दर्शनासाठी येतो. त्या दिवसांत कामठी मार्गावर पाय ठेवायला जागा नसते. बांधकामाच्या काळात त्या दिवसांसाठी रस्त्याची वेगळी व्यवस्था व्हावी, ही आमच्याकडची पहिली मागणी आहे.

सेलूची ताई

मला एक शंका आहे. आमच्याकडे लोक म्हणतात की मेट्रो बुटीबोरीहून पुढे वर्ध्यापर्यंत येणार आहे आणि त्यासाठी रेल्वेमार्गाच्या कडेला मातीचे भराव टाकणे चालू आहे. हे खरे आहे का? माझी मुलगी नागपूरला महाविद्यालयात जाते. सकाळच्या एसटीत तिला अनेकदा उभ्याने प्रवास करावा लागतो आणि संध्याकाळी परतताना अंधार होतो. मेट्रो वर्ध्यापर्यंत येणार असेल तर तिचे वसतिगृहाचे पैसे वाचतील, म्हणून विचारते.

बोरखेडीचा वाटसरू

ताई, इथे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. आपण ज्या दुसऱ्या टप्प्याविषयी बोलत आहोत तो बुटीबोरी एमआयडीसीत संपतो. रेल्वेमार्गाच्या कडेचे भराव हे वर्धा-नागपूर तिसऱ्या व चौथ्या रेल्वेमार्गाच्या कामाचे असतात. त्यांचा मेट्रोशी संबंध नाही. तिसरी गोष्ट ब्रॉडगेज मेट्रोची. नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा या दिशांना सध्याच्या रेल्वे रुळांवरूनच जलद गाड्या चालवण्याची ती कल्पना आहे आणि तिचा सामंजस्य करार २०१८ मध्ये झाला होता. नागपूर मेट्रोचे रूळ १,४३५ मिलिमीटर रुंदीचे आहेत आणि भारतीय रेल्वेचे १,६७६ मिलिमीटर, त्यामुळे बुटीबोरीत आलेली मेट्रो रेल्वेच्या रुळांवर चढून पुढे वर्ध्याला जाऊ शकत नाही.

तुमच्या मुलीला उपयोग होईल तो असा : सेलूहून एसटीने बुटीबोरी, आणि तिथून मेट्रोने सीताबर्डी. परंतु त्यासाठी एसटी मेट्रो स्थानकाच्या दाराशी थांबली पाहिजे आणि तिची वेळ गाडीच्या वेळेशी जुळली पाहिजे. वर्ध्याकडून येणारा रस्ता आणि हिंगणघाट-जामकडून येणारा महामार्ग बुटीबोरीतच एकत्र येतात. म्हणजे दोन जिल्ह्यांचा प्रवासी एका चौकात जमा होतो. तिथे सावलीचा थांबा, बस वळायला जागा, महिलांसाठी स्वच्छतागृह आणि दुचाकी ठेवायला सुरक्षित वाहनतळ, एवढे झाले तर या मार्गाचा लाभ साडेअठरा किलोमीटरपुरता राहणार नाही. नागपूर मेट्रोत सायकल सोबत नेण्याची मुभा आहे, तीही जवळच्या गावांतील विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल.

पांदणवाट

माझे वावर महामार्गालगत आहे. मेट्रोला माझा विरोध नाही. माझी दोन्ही मुले एमआयडीसीत कामाला आहेत. परंतु मागच्या पावसाळ्यात रस्त्याच्या कामातून निघालेल्या मातीचा ढीग कडेच्या नालीत पडून राहिला आणि पाणी धुरा फोडून तुरीत शिरले. काळ्या जमिनीत पाणी चार दिवस साचले की तूर उभ्या उभ्या वाळते. कोणाला सांगावे हेच कळले नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता.

काळी माती

दादा, तुमचे नुकसान वाचून वाईट वाटले, आणि ही बाब दुय्यम मुळीच नाही. रस्त्याकडेच्या नाल्या आणि आडव्या मोऱ्या यांतूनच शेतातील जादा पाणी निघते. बांधकामाच्या काळात त्या मोकळ्या ठेवणे, हलवल्या तर पर्यायी चर काढून देणे आणि माती वेळेत उचलणे ही काम घेणाऱ्याची जबाबदारी असते. अशा करारांत ते सामान्यतः लिहिलेलेही असते. मात्र नुकसान झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा पावसाळ्याआधी नोंद करून ठेवणे अधिक परिणामकारक ठरते. एप्रिल-मे महिन्यात आपल्या वावराजवळच्या नाल्या व मोऱ्यांचे तारखेसह फोटो काढा, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या आणि त्याच्या प्रती तहसील कार्यालयात व प्रकल्पाच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. नुकसान झालेच तर तलाठ्याचा पंचनामा लगेच करून घ्या, कारण पाणी ओसरल्यावर पुरावा उरत नाही. एकट्याने अर्ज देण्यापेक्षा त्या पट्ट्यातील सर्व शेतकऱ्यांनी मिळून दिलेला बरा.

कळंबकर

मी यवतमाळ जिल्ह्यातला, त्यामुळे मेट्रोशी माझा थेट संबंध नाही, तरी आमचा अनुभव सांगावासा वाटतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचे भूमिपूजन २००९ मध्ये झाले. मार्ग सुमारे २८४ किलोमीटरचा. त्यातील वर्धा ते कळंब हा पहिला भाग सुरू झाला तो २८ फेब्रुवारी २०२४ रोजी. मधल्या पंधरा वर्षांत आम्ही किती भराव पाहिले, किती पूल पाहिले! आणि प्रत्येक वेळी पुढच्या वर्षी गाडी येणार असेच आम्हाला वाटत गेले. त्या काळात यवतमाळची शकुंतला, जी १९०३ पासून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांवर धावत होती, तीही बंद पडली. जुनी गाडी गेली आणि नवी पोहोचायची होती, अशी आमच्या भागाची अवस्था झाली.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो, ती तुमच्या कामी यावी. गाडी येईपर्यंत आम्ही सगळे गाडी कधी येणार एवढेच विचारत राहिलो. ती आल्यावर लक्षात आले की स्थानक गावापासून दूर आहे, गाडीच्या वेळा बाजाराच्या आणि कचेरीच्या वेळांना धरून असाव्यात यासाठी कोणी आधी निवेदन दिले नव्हते, आणि स्थानकापर्यंत ऑटोरिक्षाचे भाडे रेल्वेच्या तिकिटापेक्षा जास्त पडते. हे प्रश्न बांधकाम चालू असतानाच मांडायला हवे होते. तुमच्याकडे अजून वेळ आहे.

सेलूची ताई

कळंबकर दादांचे म्हणणे मला फार पटले. आमच्या महिला बचत गटाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय घेते. नागपूरला शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या मुली आमच्या गावात किती आहेत आणि त्यांना सकाळी किती वाजता निघावे लागते, याची यादी आम्ही करून देऊ शकतो. आजूबाजूच्या गावांनीही तशीच केली, तर एसटीच्या आगार व्यवस्थापकांसमोर नुसती मागणी न ठेवता आकडे ठेवता येतील.

बोरखेडीचा वाटसरू

ताई, अगदी हेच हवे आहे. प्रत्येक गावाने आपली यादी याच धाग्यावर टाकावी : गावाचे नाव, रोज नागपूरकडे किंवा एमआयडीसीकडे जाणारी माणसे, निघण्याची व परतण्याची वेळ, आणि सध्याचे वाहन. कोणाचेही व्यक्तिगत नाव किंवा दूरध्वनी क्रमांक लिहू नये. बांधकामाचे फोटो टाकणाऱ्यांनी सुरक्षित अंतरावरूनच काढावेत. सेगमेंट उचलले जात असताना कुंपणाजवळ किंवा गर्डरखाली थांबणे जिवावर बेतू शकते. फोटोसोबत तारीख आणि जवळच्या स्थानकाचे नाव असले, तर काळी माती साहेब कामाचा टप्पा सांगू शकतील. नाल्या आणि मोऱ्यांच्या नोंदी मात्र पावसाळ्याआधी याव्यात, त्यासाठी पांदणवाट दादांनी आपल्या पट्ट्यातील शेतकऱ्यांशी बोलावे.

पाळ्यांच्या वेळांविषयी तिसरी पाळी यांनी पुढाकार घ्यावा, असे मला वाटते. रात्री अकरानंतरची एक तरी गाडी आणि सकाळी सहाच्या आधीची एक गाडी, ही मागणी कामगारांकडून आली तर तिला वजन येईल.

तिसरी पाळी

घेतो, भाऊ. आमच्या कारखान्यात सर्व पाळ्यांच्या मुकादमांशी बोलणे झाले आहे आणि शेजारच्या कारखान्यांतील ओळखीच्या लोकांनाही हा धागा पाठवला आहे. एक अडचण आहे. रात्री गाडी थांबवून रुळांची व तारांची देखभाल करावी लागते, असे म्हणतात. त्यामुळे अकरानंतर किती वेळ गाडी चालवता येते, हे काळी माती साहेबांनी सांगितले तर आम्हाला निवेदन नीट लिहिता येईल. शक्य नसेल ती मागणी लिहून संपूर्ण अर्ज बाजूला पडावा, असे आम्हाला नको आहे.

काळी माती

देखभालीसाठी वरच्या तारेतील वीज बंद करून साधारण चार-साडेचार तासांची सलग वेळ मिळाली पाहिजे, असे धरून चाला. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास डेपोत परतली आणि पहिली पाचच्या सुमारास निघाली, तरी ते बसू शकते. म्हणून "अकरा वाजून वीस मिनिटांनी एमआयडीसीहून शेवटची गाडी" अशी नेमकी मागणी लिहा, आणि तिच्या सोबत त्या पाळीला सुटणाऱ्या कामगारांची कारखानानिहाय संख्या जोडा. मसुदा इथे टाकलात तर मी तो वाचून दुरुस्त करून देईन.